पाणंदीने जाणारी सायकल

बाबा गेल्या वर्षी जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे इंग्लंडमध्ये कोलचेस्टरला राहायला होते. त्यांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. वाई, खंडाळा, जावळी या तालुक्यांतली किती शेतं त्यांनी साखळी ओढत मोजली असतील त्याची गणतीच नाही. इथे आल्यावर पहिला आठवडा त्यांनी खिडकीतून पाऊस बघत काढला. मग एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, १५५ नंबरचा नकाशा पसरला. बरी सेंट एडमंड्स आणि सडबरी हा भाग त्यात येतो. संध्याकाळचे सात वाजले तरी बाबा त्यावरून उठले नव्हते.

मी गेली नऊ वर्षं या भागात सायकल चालवतेय. सुट्टीच्या दिवशी लवकर निघायचं, मोटारी जवळजवळ भेटणारच नाहीत अशा रस्त्यांनी दिवसभर फिरायचं आणि उजेड असेपर्यंत घरी यायचं. असे रस्ते शोधायचे कसे, हे मला सरावाने जमायला लागलं होतं. पण ते तसे का आहेत, हे मला बाबांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

"हा बघ," ते म्हणाले. "वळतोय, परत वळतोय, इथे तर काटकोनात वळतोय. मध्ये ओढा नाही, टेकडी नाही. मग का वळतोय? बांधाबांधानं चाललाय म्हणून. हा कुणी आखलेला रस्ता नव्हे गं. ही वहिवाट आहे. आपल्याकडची पाणंद."

पाणंद! इतकी वर्षं मी इथल्या 'लेन'ला मनात 'गल्ली' म्हणत होते, आणि ते कधी नीट बसत नव्हतं, कारण गल्ली दोन घरांच्या मधून जाते. ही वाट दोन वयांच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणांच्या, मधून जाते. दोन्ही बाजूंना झुडपांची दाट वई, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी जागा, आणि शेकडो वर्षांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने कितीतरी ठिकाणी शेतापेक्षा खोल गेलेली जमीन. आमच्या गावी मळ्याकडे जाणारी पाणंद अशीच आहे, फक्त डांबर नाही. इंग्लंडच्या मध्यभागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी शेतं नव्याने वाटली गेली आणि रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ झाले. सफोक काउंटीच्या या दक्षिण भागात शेतांना त्याच्या कितीतरी आधी कुंपणं पडली होती, म्हणून इथली वहिवाट जुन्या बांधांवरच राहिली.

आता रस्ता निवडायचा कसा, ते सांगते, कारण दर वेळी कुणीतरी हेच विचारतं. या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हिरव्या आणि लाल रेघा 'ए' म्हणजे मुख्य रस्त्यांच्या, नारिंगी 'बी' म्हणजे दुय्यम रस्त्यांच्या. त्यांच्या खाली पिवळ्या रेघा, आणि त्याही दोन जाडीच्या: चार मीटरपेक्षा रुंद आणि चार मीटरपेक्षा अरुंद. मी बारीक पिवळी धरते. पण तेवढ्यावर भागत नाही. बारीक पिवळी रेघ दोन लाल रेघांना थेट जोडत असेल तर ती सोडायची. कामाला जाणारी माणसं तिथून गाड्या दामटतात. जी रेघ एका लहानशा वस्तीतून दुसऱ्या लहानशा वस्तीकडे जाते आणि पुढे कुठल्याच शहराला पोचत नाही, ती आपली. इथे अशा वस्त्यांच्या नावात 'टाय' असतं: लिंडझी टाय, कर्झी टाय, नेजिंग टाय. टाय म्हणजे गावाच्या कडेचं सामाईक कुरण, आपलं गायरान. गायरानाकडे जायला शहरातल्या माणसाला कधी कारण नव्हतं आणि आजही नाही.

पांढऱ्या आणि तुटक रेघांच्या बाबतीत सावध राहायचं. पायवाटेवर सायकल चालत नाही. घोडेवाटेवर १९६८ च्या कायद्यापासून चालते, पण चालते म्हणजे जाते असं नाही. इथली माती चिकणी, हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली. एका नोव्हेंबरात मी मोबाइलमधल्या एका ॲपने काढून दिलेल्या मार्गावर विश्वास ठेवला. त्याने मला जवळची म्हणून घोडेवाट दिली. दहा मिनिटांत चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा बसला की चाक फिरेना. काटकीने चिखल उकरत, सायकल ढकलत तीन किलोमीटर चालले. तेव्हापासून मार्ग मी कागदी नकाशावर पेन्सिलीने काढते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बाबांना घेऊन निघाले. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी सायकल आठवडाभर भाड्याने घेतली होती. सत्तरी गाठलेल्या माणसाला पंचावन्न किलोमीटर म्हणजे थोडं नव्हे. सफोकचा सगळ्यात उंच माथासुद्धा १२८ मीटरचाच आहे, तरी इथला रस्ता सपाट नाही. ब्रेट, बॉक्स, स्टूर अशा लहान लहान नद्या आहेत आणि प्रत्येकीच्या खोऱ्यात उतरून परत चढावं लागतं. मार्क्स टेला गाडी बदलून सडबरीच्या फाट्यावरची छोटी आगगाडी पकडली. ती चॅपल गावच्या पुलावरून जाते. बत्तीस कमानी, जवळजवळ सत्तर लाख विटा, १८४९ पासून उभा. बाबा सायकल धरून दारापाशीच उभे राहिले आणि खाली वाकून कमानी मोजायचा प्रयत्न करत राहिले. गाडीतून त्या दिसत नाहीत हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

सडबरी हे चित्रकार गेन्सबरोचं गाव, १७२७ चा त्याचा जन्म. तिथे आजही रेशीम विणलं जातं. आम्ही थांबलो नाही. ॲक्टनमार्गे सकाळी साडेनवाला लॅव्हनममध्ये होतो.

लॅव्हनमबद्दल मी एरवी फार बोलत नाही, कारण तिथे बसगाड्या भरून माणसं येतात आणि मला शांत रस्ते हवे असतात. पण ते गाव कळल्याशिवाय आजूबाजूच्या पाणंदी कळत नाहीत. १५२४ च्या करआकारणीत हे एवढंसं गाव इंग्लंडमधल्या श्रीमंत शहरांत चौदाव्या क्रमांकावर होतं. पैसा सगळा लोकरीचा, आणि नाव होतं ते लॅव्हनमच्या निळ्या जाड कापडाचं. स्प्रिंग घराण्यातल्या कापडवाल्यांनी आणि ऑक्सफर्डच्या अर्लने पैसे घातले आणि चर्चचा मनोरा १४१ फूट चढला. चौकातलं लाकडी चौकटीचं गिल्डहॉल, म्हणजे तिथल्या संघाचं सभागृह, साधारण १५३० चं. मग शतकभरात सगळं ओसरलं. गंमत म्हणजे त्याला आमचं कोलचेस्टरही कारण झालं. नेदरलँड्समधून आलेले विणकर तिथे स्थायिक झाले आणि त्यांचं हलकं, स्वस्त कापड बाजारात चालू लागलं. लॅव्हनमच्या लोकांकडे जुनी घरं पाडून विटांची नवी बांधायला पैसे उरले नाहीत. म्हणून वाकलेली, एकमेकांना टेकलेली ती घरं आज आपल्याला दिसतात. आणि म्हणूनच त्या घरांना जोडणारे रस्ते कुणी रुंद केले नाहीत. ज्या वाटेने लोकरीचे गठ्ठे लादून घोडी जात, ती तशीच मागे राहिली.

गिल्डहॉलसमोर उभं राहून बाबांनी विचारलं, "म्हणजे बनात इथली?" मला तो शब्द ऐकून किती वर्षं झाली होती! बखरींमध्ये बनात येते, सकलाद येते. बनात म्हणजे जाड लोकरी कापड. सकलाद हे त्यातलं लाल, आणि युरोपात ज्या शब्दाचं 'स्कार्लेट' झालं तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे सकलाद होऊन आला असं मानतात. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं असलं इंग्रजी लोकरी कापड सुरतेला उतरवत. आपल्या उन्हात ते फारसं खपत नसे, पण दरबारात नजराण्याला आणि हौदा-पडद्यांना चाले. नेमकं लॅव्हनमचं कापड आपल्याकडे आलं असेल की नाही, याला बाबांना पुरावा हवा होता आणि तो माझ्याकडे नव्हता. त्यांनी मान हलवून विषय तिथेच सोडला.

तिथून ब्रेंट ईली आणि मंक्स ईली. या टप्प्यात मोठ्या रस्त्याचा थोडा तुकडा लागतो. तो लवकर उरकावा. ब्रेंट ईलीच्या लहानशा चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर चौदाव्या शतकातली चित्रं आहेत. रंग विरलेत, चेहरे मात्र अजून दिसतात. एरवी तिथे मी एकटीच असते. त्या दिवशी दारात टेबल, टेबलावर संत्र्याच्या सरबताचा जग आणि बिस्किटांचा डबा. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी इथे लोक चर्चच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायला सायकलवरून किंवा पायी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जातात आणि प्रत्येक ठिकाणी कागदावर सही करतात. सफोकमध्ये मध्ययुगातली चर्च पाचशेच्या आसपास आहेत, त्यामुळे दिवस कमी पडतो. टेबलामागच्या आजीबाईंनी बाबांना किती चर्च झाली म्हणून विचारलं. बाबांनी एक बोट वर केलं. आजीबाईंनी त्यांना दोन जास्तीची बिस्किटं दिली आणि सही करायला लावली. त्यांनी मराठीत सही केली.

चेल्सवर्थला ब्रेट नदीवरचा कुबडा पूल ओलांडला आणि खरी पाणंद सुरू झाली. लिंडझीपर्यंत आणि पुढे कर्झीपर्यंत मोजून तीन गाड्या भेटल्या: एक सामान पोचवणारी व्हॅन, एक ट्रॅक्टर, एक जुनी लाल मोटार. ट्रॅक्टरवाल्याने बाजूच्या शेताच्या तोंडाशी घुसून आम्हाला वाट दिली. व्हॅनवाला थांबला नाही. मला इथे एक गोष्ट मनापासून खटकते. अशा काही रस्त्यांवर 'क्वायट लेन' म्हणून हिरवी पाटी लावतात. २००० च्या वाहतूक कायद्यात तशी तरतूद आहे. पण त्या पाटीने वेगाची मर्यादा बदलत नाही. जिथे दुसरी पाटी नाही तिथे गावाबाहेरच्या या चिंचोळ्या रस्त्यालाही तीच ताशी साठ मैलांची, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटरची मर्यादा लागू आहे. वळणापलीकडे घोडा असू शकतो, मूल असू शकतं. पाटी लावलीत तर आकडाही खाली आणा, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिंडझीजवळ रोझ ग्रीनला सेंट जेम्सचं एक गवती छपराचं दगडी देवघर आहे, तेराव्या शतकातलं. १५४७ पासून १९३० पर्यंत ते धान्याचं कोठार होतं. दार ढकललं की आत मोकळी जमीन, उंच खिडक्या आणि गवताचा वास. आम्ही तिथे बसून थालीपीठ आणि दही खाल्लं.

मग बाबांनी वयीचं वय मोजायचा हट्ट धरला. मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं की मॅक्स हूपर नावाच्या अभ्यासकाने एक आडाखा मांडला आहे: वयीच्या तीस यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, साधारण तितकी शतकं तिचं वय. आता जाणकार हा आडाखा ढोबळच मानतात, पण बाबांना मोजायला निमित्त पुरे होतं. "तीस यार्ड म्हणजे एक साखळी आणि वर आठ," ते म्हणाले आणि पावलं टाकत निघाले. जमीन मोजायची गंटरची साखळी बावीस यार्डांची, सहासष्ट फुटांची. तिच्या अर्ध्या लांबीचा चौकोन, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे आपला गुंठा. क्रिकेटची खेळपट्टीही तीच एक साखळी. हे त्यांनी मला पाचवीत असताना सांगितलं होतं. आता त्या साखळीच्या देशात, वयीत हात घालून ते फांद्या वेगळ्या करत होते आणि मी नावं सांगत होते. हॉथॉर्न, लाल फळांनी लगडलेला. ब्लॅकथॉर्न, त्याची निळी-काळी स्लो फळं, वर धुरकट थर. हेझल, पानं खरखरीत. शेतमेपल. डॉगवूड, ज्याचं पान हळूच फाडलं की शिरांचे पांढरे धागे दोन तुकडे धरून ठेवतात. बाबांनी चार पानं फाडून ते बघितलं. शेवटी स्पिंडल, गुलाबी फळांचं. सहा. ब्लॅकबेरीच्या जाळ्या धरायच्या नाहीत, खायच्या मात्र असतात. "सहाशे वर्षं," बाबा म्हणाले आणि खिशातली वही काढून तसं लिहिलं. "अंदाजे" हा शब्द त्याखाली दोन रेघा मारून.

ज्या वयीचं एवढं कौतुक केलं तिनेच पुढे पंक्चर केलं. पक्ष्यांच्या विणीसाठी मार्च ते ऑगस्ट शेतकऱ्यांना वया छाटता येत नाहीत. सप्टेंबर लागला की यंत्रं बाहेर पडतात आणि रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. कर्झीच्या अलीकडे माझं पुढचं चाक बसलं. गाव उतारावर आहे: एकच रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेली जुनी घरं, तळाला ओढा थेट रस्त्यावरून वाहतो आणि पलीकडे चढावर चर्च. 'कर्झी' नावाचं खरबरीत लोकरी कापड याच गावाच्या नावावरून ओळखलं जायचं असं मानतात. आम्ही सायकली हातात धरून तळाशी गेलो.

मी जादा ट्यूब काढायला लागले, पण बाबांनी हात धरला. त्यांनी पट्ट्या घालून टायर सोडवलं, ट्यूब बाहेर ओढली, पंपाने थोडी हवा भरली आणि ओढ्याच्या कडेला उकिडवे बसून ट्यूब पाण्यात धरली. हळूहळू फिरवत नेली. वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. बदकं बाजूला सरली. त्यांनी तिथे अंगठा दाबला, ट्यूब रुमालाने पुसली, घासपेपरने खरवडली, सोल्युशन लावून फुंकर घातली आणि पॅच बसवला. मग टायरच्या आतून रुमाल फिरवला. एका जागी तो अडकला. नखाएवढं काट्याचं टोक रबरात रुतून बसलं होतं. "हे काढलं नाही तर दहा मिनिटांत परत," ते म्हणाले. बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात तीस वर्षं सायकल हाकलेला माणूस आहे. तो पॅच अजून टिकून आहे.

पुढचा रस्ता ग्रॉटनवरून. इथल्या जमीनदाराच्या घरातला जॉन विंथ्रॉप १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीचा गव्हर्नर म्हणून जहाजाने अमेरिकेला गेला. एवढ्या निवांत पाणंदीतून उठून माणूस समुद्र ओलांडायला निघाला, हे तिथून जाताना दर वेळी माझ्या मनात येतं. बॉक्सफर्डच्या चर्चमध्ये एलिझाबेथ हायम या बाईंची पाटी आहे. चार नवरे गेले, आणि त्या स्वतः १७४८ मध्ये वयाच्या ११३ व्या वर्षी पडल्याचं निमित्त होऊन गेल्या. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं.

ब्युअर्सला पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. गावामागच्या चढावर एकटं उभं असलेलं गवती छपराचं चॅपल आहे. तिथे इसवी सन ८५५ च्या नाताळात ईस्ट अँग्लियाच्या एडमंड राजाचा राज्याभिषेक झाला अशी परंपरा सांगतात. तिथून सडबरीकडे जायला नदीच्या पूर्वेचा मोठा रस्ता सगळे घेतात. तुम्ही नदी ओलांडून एसेक्सच्या बाजूने जा. लामार्श, मग हेनी. लामार्शच्या चर्चचा मनोरा गोल आहे. डावीकडे उतरती शेतं, उजवीकडे खाली स्टूरचं खोरं, आणि आठ-नऊ किलोमीटरमध्ये आम्हाला फक्त एक बाई भेटली, कुत्र्याला घेऊन निघालेली.

जाताना बाबा १५५ नंबरचा नकाशा सोबत घेऊन गेले. मला दुसरा घ्यावा लागला. परवा रात्री वाईहून फोन आला. ना खुशाली, ना हवापाणी. "एडवर्डस्टनच्या खाली एक बारीक पिवळी रेघ आहे बघ, दोनदा काटकोनात वळते. तिथनं आपण गेलो नाही." मी नकाशा काढला. आहे. मार्चअखेरीस ब्लॅकथॉर्न पानांआधी फुलतो तेव्हा जाईन म्हटलं. "जाशील तेव्हा वय मोजून कळव," म्हणाले. "तीस यार्ड. पावलांनी नको, टेपने."